तव्याला विचारलंस का?

आई, चिनहटच्या माझ्या कारखान्यात काल तुझे दोन तवे कामाला आले, आणि हे सांगायला तुझ्याशिवाय कुणी सुचत नाही. तू गेलीस तेव्हा मी अमीनाबादच्या एका गाळ्यात रेडिओ दुरुस्त करायचो, खरखरीवरून रोग ओळखायचो. आता माझ्याकडे लेझरचं यंत्र आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचे ठोके मारून ते धातूवर नावं कोरतं. तू म्हणाली असतीस, दिसतच नाही तर वीज कशाला जाळतोस!

युनिव्हर्सिटीत पीएचडी करणारी एक मुलगी आहे. घर इंदिरा नगरात, आईवडील नागपूरचे; मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. सिलिकॉनच्या करड्या, चकचकीत चकत्यांवर तिला बारीक रेघा मारून हव्या असतात. जानेवारीच्या कडाक्यात मारून दिल्या, केसासारख्या सुबक आल्या. काल, या मे महिन्याच्या भट्टीत, ती उरलेल्या चकत्या घेऊन आली. महिनोन्महिने खपून केलेल्या. पुन्हा करायला वेळ नाही. “ये बिगड़ीं तो मेरा साल गया, काका,” ती म्हणाली. यंत्राची मांडणी जानेवारीचीच ठेवली, तरी पहिल्याच चकतीवर रेघ मध्येच फिसकटली. खड्डे पडले, कडेला तडा गेला. मी म्हटलं, पॉवर वाढली असणार. तिनं मीटर पुढे केला. “वही है. एक काँटा भी इधर-उधर नहीं.”

दुसरी चकती लावली आणि मी कान दिला. ठोक्यांचा आवाज आधी टिक टिक असा, नखानं ताट वाजवावं तसा. मग एकदम त्यात चट्‌ असं काही आलं. मी बटण दाबून यंत्र थांबवलं. “क्या हुआ?” तिनं विचारलं. मी म्हटलं, सूर बदलला, बघ. तिनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. रेघ जिथं थांबली होती, तिथंच पहिला खड्डा. चकतीखालच्या ॲल्युमिनियमच्या पाटाला मी हात लावला आणि मागे घेतला. सकाळपासून दुसरी कामं करून तो चांगलाच तापला होता.

तिनंही पाटाला बोट लावून पाहिलं. मग स्वतःशीच हसली. “अरे यार, टेम्परेचर! काका, ठंडा सिलिकॉन इस रोशनी को बहुत कुछ आर-पार जाने देता है. गरम हो तो पीने लगता है. जितना पिए उतना गरम, जितना गरम उतना और पिए.” मी ती चकती हातात घेऊन बघत राहिलो. मला तिच्यात माझंच तोंड दिसत होतं, पलीकडचं काहीच नाही. आणि त्या उजेडाला मात्र ती खिडकी! तापली की हळूहळू बंद होणारी खिडकी. ठोका तोच, चकती तीच. मोडणार की टिकणार हे ती आधी किती तापलेली आहे यावर. आई, अंगावर काटा आला गं. एवढासा तुकडा, आणि काय सोसेन हे ऋतू पाहून ठरवतो!

आणि मला आपलं स्वयंपाकघर दिसलं. तू थालीपीठ लावतेस. एक तवा चुलीवर, दुसरा पालथा, त्यावर माठातलं पाणी. टाकीचं पाणी उन्हाळ्यात चहाइतकं गरम म्हणून माठातलंच. तवा चर्र करतो, मग पुटपुटतो, मग गप्प होतो. मी भुकेनं उतावळा, तापल्या तव्यावरच गोळा थापायला जातो. तू मनगट धरतेस. “विस्तव तोच, पीठ तेच. पण तव्याला विचारलंस का?” तुला ते कानानं कळायचं. तो गप्प झाला की तू थापायला घ्यायचीस.

मी दोन पाट केले. एकावर काम, तोवर दुसरा माठाच्या पाण्यानं निववून, कोरडा पुसून तयार. मुलगी म्हणाली, “ये कौन-सी टेक्निक है?” म्हटलं, थालीपीठ. “हाँ, मम्मी भी बनाती हैं, लेकिन नॉनस्टिक पे.” म्हटलं, माझ्या आईनंही तसंच केलं असतं, तर तुझा प्रबंध राहिलाच असता! ती हसली आणि पुढची चकती लावायला घेतली. प्रत्येक चकतीला मी कान लावून उभा. टिक, टिक, टिक. शेवटपर्यंत चट्‌ आलं नाही. शेवटची रेघ पाहून झाल्यावर तिनं सूक्ष्मदर्शकावरून डोळाच उचलला नाही. मग कळलं, रडत होती. आणि पहिल्यांदा मराठीत म्हणाली, “छान आलंय, काका.”

हे पत्र कुठं टाकणार? तुझ्या तव्याखाली ठेवून देतो. आणखी एक. आज सकाळी त्याच आनंदात थालीपीठं लावायला बसलो. पहिलं झकास झालं. दुसऱ्याला धीर निघाला नाही, तापल्या तव्यावरच थापलं. दोन बोटं भाजलीत. घरात कुणाला सांगितलेलं नाही.