पांढऱ्या चौकोनाखाली

४ ऑगस्ट
अखेर खराडीत नोकरी! वाघोलीहून येताना ट्रॅफिकमध्ये अर्धं आयुष्य गेलं, तरी मी खूश. आईने डब्यात साखरभात दिला होता. आमची कंपनी ब्राउझरमध्ये चित्रं काढायचं सॉफ्टवेअर बनवते. रेघ ओढली की तिची नोंद फाइलमध्ये होते. चित्र कितीही मोठं करा, कडा स्वच्छ राहतात. नव्या माणसाने ऑफिसच्या नकाशात आपल्या खुर्चीवर स्वतःचा चेहरा काढायचा, नाव लिहायचं, ही इथली पद्धत. मी नाक जरा जास्तच छान काढलं. आमचे साहेब आमोदसर म्हणाले, नाकाचा पगार वेगळा मिळणार नाही.

७ ऑगस्ट
नकाशाची फाइल फार जड झालीय, हलकी कर, असं सरांनी सांगितलं. उघडली आणि कपाळावर हात मारला. आमचं खोडरबर खोडतच नाही! ते वरून नुसता पांढरा चौकोन ठेवतं, खालच्या रेघा तशाच राहतात. माझ्या खुर्चीवरचे जुने चौकोन काढून टाकले. खाली चेहरे निघाले. सलिल, नीरजा, सौरभ.

८ ऑगस्ट
शेजारच्या स्पृहाला विचारलं. ती म्हणाली, ही खुर्ची पहिल्यापासून रिकामीच होती. खोडरबर दुरुस्त करूया, असं मी सरांना सुचवलं. ते म्हणाले, गिऱ्हाइकाला वरचंच दिसतं, मग बिघडलं काय? आणि नव्या माणसाने इतकं खाली बघू नये. भलतेच थोर विचार. राग आला, गिळला.

१२ ऑगस्ट
नकाशात माझ्या चेहऱ्यावर पांढरा चौकोन. काढून टाकला. जेवून आले, तर पुन्हा तिथेच. कोणी ठेवला, नोंद नाही. दारावरचे दत्तोबा रोज हसून विचारपूस करतात, आज त्यांनी वर पाहिलंही नाही. कार्डही चालेना. दुसऱ्या कोणाच्या मागून आत शिरले.

१३ ऑगस्ट
स्पृहाने माझ्या खुर्चीवर पर्स ठेवली. मी बसले होते. माझ्या मांडीवर ठेवली. मी ओरडले — ती मोबाइल बघत राहिली.

१४ ऑगस्ट
काढते, येतो. काढते — आता मोठा. नाव झाकलं. भीती वाटते. फार भीती वाटते. सर बाजूलाच उभे होते, सगळ्यांना सांगत होते, फाइल छान हलकी झाली, आपोआपच —

१५ ऑगस्ट
सुट्टी. घरीच. आईने एकच ताट घेतलं. मी समोर बसले, हाका मारल्या. तिने टीव्ही मोठा केला. शेजारच्या शालूमावशी आल्या, म्हणाल्या, एकटीला घर खायला उठत असेल. आई म्हणाली, सवय आहे, मूलबाळ झालंच नाही ना — हसत म्हणाली — आई, अगं मी आहे, इथेच, खाली, नुसता वरचा चौ