सित्से इतके दिवस कुठे होता

प्रिय हार्मेन भाऊजी,

सित्से निपचित पडल्यापासून दोन वर्षं तुम्ही चर्चमध्ये सांगत आलात, "माझा भाऊ आत अखंड प्रार्थना करतोय." डॉक्टरांनी सुचवलेल्या, मेंदूतले विचार वाचून शब्दांत मांडणाऱ्या यंत्राला तुमचा विरोध. आत्म्यात डोकवायचा हक्क फक्त देवाचा, म्हणालात. तरी मी संमतीपत्रावर सही केली.

काल त्याचे शब्द पडद्यावर उमटले. मी विचारलं, "खूप सोसलंस का रे? प्रार्थना करत होतास?"

"नाही गं. रोज गोठलेल्या कालव्यावर स्केटिंग करत होतो. मजेत होतो."

मी रडता रडता हसले. मग कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

तुमच्या मनाला लागेल, म्हणून हे पत्र पाठवणार नाही. पण भाऊजी, शरीर तर खाटेवरच होतं. मग बर्फावर कोण होतं?

तुमची वहिनी,
आल्त्ये