केकची डावी बाजू

प्रिय ताई,

माझ्याआधी काही मिनिटं जन्माला आलीस, एवढ्या भांडवलावर तू आयुष्यभर ताई म्हणवून घेतलंस. आज आपण दोघी पन्नास वर्षांच्या झालो तरी मी ती पदवी काढून घेत नाहीये. यावरून ओळख, की आई सांगत फिरतेय तितकी काही मी बिथरलेली नाही.

मी धडधाकट आहे आणि बेटावर आहे. ‘वाढदिवसाला बेटावर जातेय, शोधत बसू नका’ एवढं फ्रीजवर चिकटवून निघाले आणि फोन बंद केला. इथे तशीही रेंज फक्त धक्क्याच्या अगदी टोकाला येते, बोटी लागतात तिथे. काल तिथे उभं राहून फोन चालू केला, तर तो हातात थरथरतच सुटला. भाऊजींचे मिस्ड कॉल इतके, की माणूस बायकोसाठी घाबरलाय की माझ्यासाठी हे ठरवायला मी थोडा वेळ घेतला आणि ठरवल्यावर जरा वाईट वाटलं. तुझा एकही नव्हता. आईचा मात्र निरोप होता, चार घरांना ऐकू जाईल अशा तिच्या खास आवाजात: “अगं, ऑपरेशन आठवड्यावर आलंय आणि तू ताईची किडनी घेऊन कुठे उंडारतेयस?”

ताईची किडनी! मी तो निरोप पुन्हा लावून ऐकला. ती अजून माझ्या पोटात आहे गं. तिला रक्त मी पुरवते, पाणी मी पाजते. पण घरात तिचा मालक बदलूनसुद्धा झाला होता.

इथे पोचले तेव्हा काउंटरवरच्या मुलीने माझ्या मागे बघून गोड हसत विचारलं, “दुसरे गेस्ट कधी येणार?” मी म्हटलं, “येणार नाहीत, एकटीच आहे.” तिच्या चेहऱ्यावर अशी कणव दाटली की मला तिचंच सांत्वन करावंसं वाटलं. हे बेट नव्या नवरा-बायकोंसाठी बनवलंय. खोलीत पलंगावर टॉवेलचे दोन हंस चोचीला चोच लावून बसवलेले. मी त्यातल्या एकाने पाय पुसले. बाहेर नारळाची झाडं, काचेसारखं पाणी, पांढरी वाळू, सगळं जाहिरातीत असतं तसंच. फक्त हवा दमट इतकी, की काल वाळत घातलेला ब्लाउज आज जास्त ओला आहे. आणि आज सकाळपासून वारा फिरलाय. धक्क्यावर पिवळा बावटा चढवलाय. धक्क्यावरच्या गप्पांतून कळलं की लाल चढला की बोटी बंद, मग किती दिवस ते समुद्रालाच ठाऊक.

तुला आठवतं, तुझ्या किडन्या निकामी झाल्यावर डॉक्टरांनी आपल्या सगळ्यांना एकत्र बसवलं होतं? भाऊजींना साखर, आईचं वय झालेलं. डॉक्टरांनी आधी तुझ्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. “जुळ्या आहात? मग प्रश्नच मिटला.” आणि खरंच, त्यानंतर कोणी प्रश्न म्हणून विचारलाच नाही. आईने डोळे पुसले. भाऊजींनी माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली. तू खिडकीबाहेर बघत होतीस. गाडीत बसताना आई मला म्हणाली, “देवाने किती बरोबर योजना केली बघ. तुला काय, पुढे-मागे कोणी नाही.” पुढे-मागे कोणी नाही! म्हणजे मी माणूस नव्हे, जास्तीचं सामान. मी नवऱ्याला सोडून आले तेव्हा हीच बाई म्हणाली होती की माझ्या आयुष्याचा काही उपयोग झाला नाही. आता उपयोग सापडला होता, आणि ती मनापासून खूश होती.

मी हसले, ताई. मला येतं ते. दिवसभर दातांच्या लॅबमध्ये दुसऱ्यांच्या तोंडची हसणी घडवते मी, माझ्या तोंडाला एखादं सहज बसतं. पण तुला माझं काम कधी नीट सांगितलं नाही, म्हणून सांगते. कवळी आम्ही एकदम पक्की करत नाही. ठसा येतो, त्यावर साचा, मग मेणात दात रोवून ट्रायल. पेशंटच्या तोंडात ती मेणाची कवळी बसवायची, चावायला लावायचं, बोलायला लावायचं आणि विचारायचं, “बोचतंय का?” आजोबा असोत की आजी, घाईत असोत की बहिरे, हे विचारल्याशिवाय माझ्या हातून कवळी पुढे जात नाही. साच्यात तंतोतंत बसली म्हणजे तोंडात बसते असं नाही. साच्याला दुखत नसतं.

हॉस्पिटलचा नियम म्हणून देणाऱ्याला एकट्याला आत बोलावतात. आईला बाहेर बसवलं होतं, ती दाराशी खोकत होती, म्हणजे ऐकत होती. समुपदेशक बाईंनी विचारलं, “तुमच्यावर कोणाचा दबाव आहे का?” मी म्हटलं, “छे हो!” त्या बाईंनी पेन खाली ठेवलं. आवाज उतरवला आणि म्हणाल्या, “तुम्ही अगदी ऑपरेशनच्या टेबलापर्यंत नाही म्हणू शकता. फक्त मला फोन करा. घरच्यांना आम्ही सांगू की तुमच्या तपासणीत काहीतरी निघालं. खरं कारण कोणालाही, कधीही कळणार नाही.” त्यांनी कार्डावर नंबर लिहून दिला. त्या दिवसापासून ते कार्ड माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे. तू मला ऑपरेशनआधीच्या सूचना वाचून दाखवायचीस, हे खायचं नाही, ही गोळी घ्यायची नाही, तेव्हा ते तिथेच असायचं. तू डायलिसिसच्या खुर्चीत असताना मी समोर बसून तुझा, म्हणजे माझाच, सुजलेला पिवळट चेहरा बघायचे, तेव्हाही ते तिथेच होतं. काल धक्क्याच्या टोकाला तो नंबर मी फोनवर टाकला. दाबायचं तेवढं राहिलं होतं. मागून बोटवाला ओरडला, “ताई, कडेला नका उभ्या राहू!” आणि मी दचकून फोन बंद केला. ‘ताई’ म्हणाला तो. मला. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला ताई म्हटलं आणि मी मागे वळून तुला शोधलं.

आता आजचं ऐक. सकाळी नाश्त्याला त्यांनी केक आणला, तळहाताएवढा. वर फक्त माझं नाव, आणि डावीकडे क्रीमचं एक गुलाबाचं फूल. पन्नास वर्षांत पहिल्यांदा संपूर्ण केक माझा होता. सगळी जोडपी टाळ्या वाजवायला लागली. मी सुरी घेतली आणि काय केलं असेन? सवयीने सरळ मधोमध फिरवली. उजवा अर्धा खाल्ला. डावा उचलायला हात पुढे झाला नाही. डावी बाजू तुझी असायची, गुलाबाचं फूल असलेली, कारण तू ताई. लहानपणी मी एकदा विचारलं होतं की फूल दर वर्षी डावीकडेच का येतं, तर आई म्हणाली होती, “तुला गोड जास्त सोसत नाही.” मला गोड उत्तम सोसतं, तुझ्या माहितीसाठी.

मला स्वतःचाच इतका संताप आला, की मी तडक पाण्यात गेले. कोणाला न सांगता, लाईफ जॅकेट न घालता. प्रवाळाच्या कडेपर्यंतच जायचं असं सगळ्यांना बजावलेलं असतं. मी कडेपलीकडे गेले. पाणी वरून शांत होतं, आतून मात्र पायाला कोणीतरी धरून ओढल्यासारखं झालं. मी किनाऱ्याकडे हात मारतेय आणि किनारा लांब जातोय. ओरडले, तर तोंडात खारं पाणी. आणि ताई, अशा वेळी माणसाच्या डोळ्यांसमोरून आयुष्य सरकतं म्हणतात. माझ्या डोळ्यांसमोर तुझी डायलिसिसची खुर्ची आली. ‘मी मेले’ असं मनात आलंच नाही. आलं ते ‘आता ताईचं काय?’ एवढंच. बुडतानासुद्धा मला एकटीला बुडता येईना! त्या रागानेच बहुधा मी हातपाय मारले. आडवी पोहत सुटले, पाय प्रवाळावर आपटला, सोलवटला, आणि त्याच्याच आधाराने लटकले. बोटवाल्याने काखेत हात घालून मला पोत्यासारखं बोटीत ओढलं. आणि मग शिव्या! “घरी कोणाला सांगून आलाय का? वर गेल्या असतात तर मी कोणाला फोन करायचा होता?” मी खोकत खोकत तुझा नंबर सांगितला. तो म्हणाला, “आता कशाला सांगताय?”

आता दुपार आहे. मी पाय स्टुलावर ठेवून हे लिहितेय. टाचेपासून वर जखम आहे आणि ती ठणकतेय. काउंटरवरच्या मुलीने पट्टी बांधली, वर पेनकिलर आणून दिली. ती टेबलावर पाण्याच्या पेल्याशेजारी तशीच पडून आहे. दर थोड्या वेळाने मुलगी येऊन विचारते, “घेतली नाहीत अजून?” मी ‘घेते’ म्हणते. तू मला सूचना वाचून दाखवायचीस, त्यांत ही गोळी तिसऱ्या ओळीत होती. तेव्हा मी का घेतली नाही हे तुला सांगायला नको.

एक गोष्ट मात्र न्यायाने लिहायला हवी. मी नवऱ्याचं घर सोडलं त्या दिवशी तू शाळा अर्ध्यावर टाकून टेम्पो घेऊन आली होतीस. मुख्याध्यापिका, इस्त्रीची साडी, आणि डोक्यावर माझी गादी! काय झालं, त्याने काय केलं, मी काय केलं, तू एका शब्दाने विचारलं नाहीस. माझे कपडे खोक्यांत भरलेस, टेम्पोवाल्याला दरडावलंस, मला पुढच्या सीटवर बसवलंस. न विचारण्याचा एवढा आधार मला कोणी दिला नव्हता. म्हणून मी समजू शकते की यावेळीही तू तेच करत असशील. किंवा तुला भीती वाटत असेल. मुलांना वर्गात हात वर करायला लावणारी बाई स्वतः हात वर करायला घाबरते, हे मला तुझ्याइतकंच माहीत आहे. पण ताई, त्या दिवशी खोक्यांत माझे कपडे होते. यावेळी मी आहे.

वारा वाढलाय. बावटा अजून पिवळा आहे, पण बोटवाला आभाळाकडे बघून मान हलवतोय. संध्याकाळच्या बोटीने शेजारच्या खोलीतलं जोडपं परत निघालंय. ते तुझ्याच वस्तीत राहतात, हे पत्र आज तुझ्या हातात देतील. मला उद्या दुपारची बोट आहे. लाल बावटा चढायच्या आधीची ती शेवटची, असं सगळे म्हणतायत. आणि ती चुकली तर ऑपरेशनची तारीख चुकेल, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्या कार्डाबद्दल मी तुला सांगून टाकलं, म्हणजे ती पळवाट मी माझ्या हाताने बुजवली. आता हॉस्पिटलने ‘तपासणीत काहीतरी निघालं’ असं म्हटलं तर तुला खरं कळेल. यापुढे नाही म्हणायचं तर मला तुझ्या तोंडावर म्हणावं लागेल. मग तूही तेवढं कर. आईला मध्ये न घेता, भाऊजींना न सांगता, उद्या सकाळी मला फोन कर आणि विचार. ‘देशील का?’ एवढंच. हक्काने नको, रडून नको, ‘नाही’ ऐकायची तयारी ठेवून विचार. न विचारता किडनी गेली तर ती घेतलेली राहील, आणि तू मला दिसलीस की दर वेळी मला तीच दिसेल. मला तुला द्यायची आहे की नाही, हे आयुष्यात पहिल्यांदा फक्त मला माहीत आहे, तुला नाही. मी सकाळपासून धक्क्याच्या टोकाला, रेंजमध्ये, बॅग भरून उभी असेन. केकची डावी बाजू मी त्यांच्या फ्रीजमध्ये ठेवायला सांगितली आहे. फूल शाबूत आहे.

तुझीच, विचारलंस तर,
धाकटी