फोटोत दिसते तशीच

१ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ७.१०

सायकल घ्यायचं ठरवलं. साधी नाही, माउंटन बाइक. जाड टायर, पुढे शॉकअप, एकवीस गिअर.

कारण डॉक्टर. हालचाल वाढवा म्हणाले. याचा दादाशी काही संबंध नाही. दादा दर रविवारी पाण्याच्या टाकीमागच्या टेकडीवर सायकल घेऊन जायचा आणि शनिवारी संध्याकाळी मला फोन करायचा. "धाकट्या, उद्या येतोस का?" मी म्हणायचो, "पुढच्या रविवारी नक्की." असं अकरा वर्षं चाललं. जूनमध्ये दादा गेला. आज रविवार आहे, हा योगायोग.

नवी घेणं म्हणजे उधळपट्टी. वापरलेली घ्यावी, ऑनलाइन. तिथे फसवणूक फार होते असं म्हणतात. लोकांची होते. मी बँकेत बावीस वर्षं सह्या जुळवतो. डावीकडे चेकवरची सही, उजवीकडे कार्डावरची. जुळली तर शिक्का, नाहीतर परत. खोटी सही मला कागद हातात येण्याआधीच कळते.

महिनाअखेर सायकल दारात. पुढच्या रविवारपासून चालायला सुरुवात, म्हणजे पायांना सवय.

२ फेब्रुवारी, सोमवार

शेजारच्या काउंटरवरच्या कॅशियर मॅडमना सांगितलं. त्यांनी नोटांचं बंडल खाली ठेवून विचारलं, "चालवता येते का पण?" प्रश्न अप्रस्तुत होता. मी विकत घेण्याबद्दल बोलत होतो.

संध्याकाळी नियम लिहून काढले. फसवा विक्रेता असा ओळखावा:

तो नातं जोडतो. पहिल्या तीन मेसेजांत भाऊ, काका, दादा म्हणाला की संपलं. त्याचं शुद्धलेखन कच्चं असतं. त्याच्या फोटोत सायकलीमागे नाही नाही ते सामान असतं. आणि त्याला घाई असते.

साइटवर माझं नाव 'तपासनीस' ठेवलं. खरं नाव देणं म्हणजे पहिलीच चूक.

४ फेब्रुवारी, बुधवार

वहिनींचा मेसेज. जानेवारीपासूनचा तिसरा. "भाऊजी, घर आवरतेय. मार्चमध्ये लेकीकडे कायमची राहायला जाणार. ह्यांचं थोडं सामान तुमच्यासाठी काढून ठेवलंय. एकदा येऊन जा ना."

बहुधा स्वेटर असतील. दादाचे स्वेटर मला ढगळ होतात. उत्तर सविस्तर लिहायला हवं. घाईघाईत दोन ओळी खरडणं बरं दिसत नाही. रविवारी निवांत लिहीन.

एक विक्रेता बाद. शाळेत कवायत शिकवायचे म्हणे. मी सोळा प्रश्न पाठवले. उत्तर: "अहो एवढं काय लिहीत बसता? घरी या, चालवून बघा, चहा घेऊ, नाही आवडली तर परत जा." अनोळखी माणसाला घरी बोलवतो, वर चहा पाजतो. उघड सापळा. ब्लॉक केला.

८ फेब्रुवारी, रविवार. दुपारी

चालायला गेलो नाही. बूट सापडले, मोजे सापडले नाहीत.

वहिनींना उत्तर लिहायला बसलो. "आदरणीय वहिनी" इथपर्यंत झालं. "आदरणीय" जरा कोरडं वाटतं. विचार करून ठेवतो.

१० फेब्रुवारी, मंगळवार. सायं. ६.३०

आज जे सापडलं ते नीट लिहून ठेवतो.

साइटवर एक सायकल. लाल रंग, हँडलला हिरवी चिकटपट्टी, डावा ब्रेक बाहेर वाकलेला. तो ब्रेक माझ्यामुळे वाकला. दादा जिन्यातून सायकल खाली आणत होता, मी मदतीला म्हणून मध्ये गेलो. मागे गॅलरी, दोरीवर टॉवेल आणि निळी बादली. दादाच्या घरची गॅलरी. निळी बादलीसुद्धा ओळखीची.

फोटो चोरलेला आहे!

कुणीतरी भामट्याने वहिनींचा फोटो कुठूनतरी पळवून दादाची सायकल विकायला काढली. वहिनी ती विकणारच नाहीत. आणि विकायची असती तर आधी मला कळवलं नसतं का?

विक्रेत्याचं नाव बघा: 'घर आवरतेय'. असं नाव कुणी ठेवतं?

माणूस हुशार दिसतो. पण गाठ कुणाशी आहे हे त्याला माहीत नाही. गिऱ्हाईक बनून बोलायचं, बोलतं करायचं आणि पकडायचं.

११ फेब्रुवारी, बुधवार

सोळा प्रश्न पाठवले. प्रश्न सात: "आसनाची उंची जमिनीपासून मिलिमीटरमध्ये कळवावी."

उत्तर आलं: "मोजपट्टी खोक्यात गेली. सव्वाचार वीत भरतेय."

वीत! कुणाची वीत? मोठ्या माणसाची की लहान? असल्या मापावर कोण व्यवहार करतं. शिवाय "आहे" दोनदा "आहै" लिहिलं होतं. नियम दोन आणि तीन लागू.

मॅडमना लंच टाइममध्ये दाखवलं. त्या म्हणाल्या, "अहो, एक फोन करा की वहिनींना. दोन मिनिटांचं काम." मी म्हणालो, त्यांना उगाच दुखवायचं नाही. शिवाय फोन केला की तीन मेसेजांना उत्तर का नाही हे आधी सांगावं लागेल. मॅडम म्हणाल्या, "मग बसा मोजत मिलिमीटर." त्यांचा डबा संपला होता.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

भामटा पकडला. संवाद जसाच्या तसा उतरवून ठेवतो, पुढे लागेल.

मी: मूळ मालक कोण?
तो: माझे मिस्टर. जूनमध्ये गेले.
मी: पुरावा?
(वीस मिनिटं काही नाही.)
तो: भाऊजी, तुम्हीच ना?

नियम एक! तिसऱ्याच मेसेजात नातं. भाऊजी काय, हल्ली दुकानदारही म्हणतात.

मग ओळीने आले: "तुम्हीच असाल तर विकत कशाला घेताय? तुमचीच आहे. घेऊन जा. बरे आहात ना? वेळेवर जेवता ना?"

आता बघा. फुकट! एवढी मोठी सायकल फुकट कोण देतं? आणि मी जेवतो की नाही याची चौकशी. ढोंगालाही काही हद्द असते. वाचताना क्षणभर आवाज ओळखीचा वाटला हे कबूल करतो. हीच तर यांची कला.

'तक्रार करा' दाबलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं: "मृत व्यक्तीच्या नावाने भावनिक फसवणूक." मग ब्लॉक केलं.

वहिनींचं नाव बाजारात जाण्यापासून वाचवलं. दादा असता तर पाठ थोपटली असती. जरा जोरातच थोपटायचा तो.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

साइटचा निरोप: आपल्या तक्रारीवरून सदर विक्रेत्याचं खातं बंद करण्यात आलं आहे. आपल्या जागरूकतेबद्दल आभार.

प्रिंट काढून फाइलला लावली.

१५ फेब्रुवारी, रविवार

अखेर सज्जन भेटला. नाव 'सायकलप्रेमी'. फोटो पांढऱ्या भिंतीपुढे, मागे पुढे काही नाही, ना टॉवेल ना बादली. मजकूर एकाही चुकीशिवाय: "माउंटन बाइक. फोटोत दिसते तशीच. एकही ओरखडा नाही. कधीही रस्त्यावर नेलेली नाही. काचेच्या कपाटात ठेवलेली. वजन अत्यंत हलकं."

काचेच्या कपाटात! असा मालक हवा. दादा सायकल गॅलरीत उन्हात ठेवायचा.

सोळा प्रश्नांना सोळा उत्तरं, क्रमाने. प्रत्येक उत्तरात "सर". नातं जोडायचा प्रयत्न नाही. आसनाची उंची: ९५ मिलिमीटर. इथे गृहस्थांचं एक शून्य राहून गेलं. टाइप करताना होतं असं. मी मनातल्या मनात घातलं. शेवटी ते म्हणाले, "सर, आपल्यासारखे जाणकार ग्राहक आता राहिले नाहीत. घाई नाही, विचार करून सांगा."

घाई नाही म्हणाले. लगेच पूर्ण रक्कम पाठवली.

वहिनींचं उत्तर राहिलं. सायकल आली की तिच्यावर बसूनच जाईन. तेच उत्तर.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सायकल कुठे ठेवायची यावर विचार. बैठकीतलं टेबल भिंतीला सरकवलं, खुर्च्या माळ्यावर टाकल्या. दारापासून खिडकीपर्यंत सहा फूट मोकळे. मॅडम म्हणाल्या, "आधी येऊ तर द्या." नकारात्मक स्वभाव.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

कुरिअरवाल्याने खोकं एका हातात आणलं. मला वाटलं पंप आधी पाठवला. असे विक्रेते विचार करून पाठवतात.

फोडलं. आत माउंटन बाइक.

रंग तोच. पुढे शॉकअप, दाबला की दबतो. चाकं फिरतात. चेन खरी. आसनाची उंची पट्टीने मोजली: पंचाण्णव मिलिमीटर, बरोबर.

शोकेसमध्ये ठेवायची, शोभेची आहे ती. फोटोत दिसते तशीच. फोटोत शेजारी बादली असती तर कळलं असतं.

'सायकलप्रेमी' आता साइटवर नाहीत. तांत्रिक अडचण असावी. आणि नीट बघितलं तर त्यांनी एकही गोष्ट खोटी सांगितलेली नाही. म्हणजे ही फसवणूक नव्हे. मापाबाबतचा गैरसमज.

सहा फूट मोकळ्या जागेच्या मधोमध ती ठेवली आहे. खुर्च्या माळ्यावर. उभ्याने लिहितो आहे.

२१ फेब्रुवारी, शनिवार

मॅडमनी विचारलं, आली का? मी म्हणालो, आली. कशी आहे? हलकी आहे, म्हणालो. "बघा, उगाच शंका घेतली मी तुमच्यावर," म्हणाल्या. बाईंचा दिवस चांगला गेला असावा.

उद्या वहिनींकडे जातो. निदान त्या चोरलेल्या फोटोची हकिकत तर सांगायला हवी. त्यांना कळू दे, मागे कुणीतरी लक्ष ठेवून आहे. फाइल बरोबर घेतो.

२२ फेब्रुवारी, रविवार. रात्री ८

गेलो. थोडक्यात लिहितो.

दार उघडंच. बैठकीत खोकी. वहिनी जमिनीवर बसून कपबश्या वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. वर बघून म्हणाल्या, "या, तपासनीस."

मी फाइल पाठीमागे घेतली.

त्या हसत होत्या. म्हणाल्या, "मिलिमीटरमध्ये कळवावी! अहो, अख्ख्या जगात असं लिहिणारा माणूस एकच. मी प्रश्न सातलाच ओळखलं. कप द्या तो इकडे."

कप दिला. मी म्हणालो, वहिनी, मला वाटलं... त्या म्हणाल्या, "राहू दे. मला आधी राग आला, खोटं कशाला बोलू. फसवणूक म्हणे! खातंच बंद केलं माझं. लेक फोनवर म्हणाली, आई, तू केलंस तरी काय? मग रात्रभर विचार केला. म्हटलं, भाऊजींना ती विकलेली बघवली नसणार. म्हणून केलं असेल. सरळ बोलायचा स्वभाव नाही तुमचा. ह्यांचाही नव्हता, पण हे निदान फोन तरी करायचे."

मग म्हणालो, "हो. बघवली नाही."

खोटं बोललो असं वाटतं. नक्की सांगता येत नाही.

सायकल कुठे आहे, विचारलं. गॅलरीत फक्त बादली होती, आणि फरशीवर टायरचे दोन काळे डाग.

"दिली ना. इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला येतो त्याला. मंगळवारी घेऊन गेला. म्हटलं, भाऊजींच्या डोळ्यांसमोर नको आता. त्याचं घर टेकडीच्या पलीकडे आहे, रोज चढून जाईल." मग म्हणाल्या, "तुमच्यासाठीच ठेवली होती हो दोन महिने. तीन वेळा लिहिलं."

मी म्हणालो, उत्तर लिहायला घेतलं होतं.

"किती झालं?"

मी म्हणालो, "आदरणीय वहिनी."

त्यांनी कपबशी खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावून हसल्या. बराच वेळ हसल्या. मग नुसत्याच तशा बसून राहिल्या.

निघताना हातात पिशवी दिली. "हे मात्र तुमचंच. ह्यांनी तेव्हाच आणून ठेवलेलं, दोन एकदम घेतली होती. सायकल शिकलात की घाला."

म्हणजे वहिनींना तेही माहीत होतं.

फाइल मी काढलीच नाही. बसच्या सीटवर विसरलो. विसरलो असं धरू.

१ मार्च, रविवार. सकाळी ६.४०

पिशवी आठवडाभर दाराशी होती. आज उघडली. हेल्मेट. काळं, नवंकोरं, आतल्या फोमला प्लॅस्टिक तसंच. फोमवर मार्करने लिहिलंय: 'धाकट्याचं'. खाली अकरा वर्षांपूर्वीची तारीख. रविवार होता का ते कॅलेंडर काढून बघितलं. होता.

अक्षर तपासलं. 'ध' चा वरचा आकडा सुटा, 'ट्या' एका झटक्यात, शेवटच्या टिंबावर मार्कर जरा जास्त टेकलेला. माझ्याकडे त्याची एक जुनी पावती आहे, शेजारी धरून बघितली. जुळतं.

घालून बघितलं. माप बरोबर. माप त्याने विचारलं कधी ते आठवत नाही.

शोकेसची सायकल टेबलावर आहे. टेबल पुन्हा मधे आणलं, खुर्च्या मात्र अजून माळ्यावर. पुढच्या रविवारपासून चालायला सुरुवात. मोजे सापडले आहेत.

७.२५

हनुवटीखालची बक्कल निघत नाही. अकरा वर्षं न वापरल्यामुळे घट्ट झाली असावी. दोन्ही बाजूंनी दाबून बघितली, तेल लावलं, आरशात बघून लावलं. दूधवाला दारात आला, त्याने पिशवी दिली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "काय, निघालात वाटतं?" मी हो म्हणालो.

कात्रीने पट्टा कापता येईल. कात्री समोरच आहे.

घाई नाही. आज रविवार आहे.