होडीतली जागा

ता. ३ मार्च

चि. बाळ्यास,

ताईचे आशीर्वाद. अक्षर सुनेचं आहे, राग माझा.

पक्षीनिरीक्षण मंडळाच्या बेटावरच्या सहलीतून तू माझं नाव वगळल्याचं मंडळातल्या मास्तरीणबाईंकडून कळलं. सख्ख्या भावाची बातमी परक्याकडून! वीस वर्षं तुमच्याबरोबर चिखल तुडवला. आता कडेकडेचं अंधुक दिसतं. डॉक्टर म्हणतात, तेही वर्षभरात जाईल. म्हणून तर यंदा यायचंच आहे. होडीतून न बघता उतरता यावं म्हणून स्टुलावरून डोळे मिटून उतरायचा रोज सराव करते. सून हे लिहिताना मान हलवते आहे, हलवू दे.

लोभ आहेच, जागा धर.

ताई

ता. ८ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

हट्ट सोड. ज्यांच्यासाठी आपण बेटावर जातो, ती समुद्रपाखरं जमिनीतल्या बिळात अंडी घालतात. पाऊल चुकलं की बीळ खचतं. म्हणून आम्हीसुद्धा पुढच्याच्या पावलावर पाऊल ठेवून चालतो. शिवाय दोघांनी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नोंदवहीत नोंद नाही. तीन वर्षांत आम्हालाच एक पाखरू दिसलं नाही. मग तू येऊन काय करणार?

राग मानू नकोस, लोभ ठेव.

बाळ्या

ता. २० मार्च

ती. ताईस, सा. न., तोही कान पकडून.

काल धक्क्यावर तुला काठी घेऊन उभी पाहिलं आणि चिडलो. मास्तरीणबाईंनी होडीत सरकून तुला जागा दिली, तेव्हा माझं काही चाललं नाही.

बेटावर आम्ही दुर्बिणीतून आभाळ धुंडाळत होतो. तू वाटेतच गुडघे टेकून जमिनीला कान लावलास. मला वाटलं, पडलीस. तू मला खाली ओढलंस, गप्प राहायला सांगितलंस. आणि मातीतून घुरघुर ऐकू आली. मास्तरीणबाईंनीही ऐकली. तीन बिळं, तिन्हींत पाखरं! नियम मीच केला होता, मीच खोडला. नोंद तुझ्या नावावर आहे.

खरं सांगू? काळजी बिळांची नव्हती. सगळे बघताहेत आणि तू नुसती उभी आहेस, हे मला बघवलं नसतं.

तुझा,
बाळ्या

ता. २४ मार्च

चि. बाळ्यास आशीर्वाद.

सुनेनं तुझं पत्र दोनदा वाचून दाखवलं. पण तुला बघवत नाही म्हणून मी घरी बसायचं, हा कुठला न्याय? असो, माफ केलं.

आता कामाचं. पुढच्या वर्षी मला काहीच दिसणार नाही आणि मी येणार आहे. दोन जागा धर. शेजारच्या नर्सबाई दृष्टी गेल्यापासून उंबऱ्याबाहेर पडलेल्या नाहीत. त्यांना मी कालच सांगून आले. विचारलेलं नाही, सांगितलंय.

ताई