पांढऱ्या कालवणाचं मीठ

अब्बा, आज मी तुमचं ते गोऱ्यांचं कालवण केलं. तेच हो, बीफचे पातळ काप बत्त्याने ठेचायचे, अंडं-दुधात बुडवायचे, मिरपूड घातलेल्या मैद्यात घोळवून तळायचे आणि मग त्याच तव्यात दूध ओतून पांढरी दाट ग्रेव्ही करायची. 'गोऱ्यांचं कालवण' हे नाव अम्मीनेच ठेवलं होतं. पहिल्यांदा तुम्ही तव्यात दूध ओतलंत तेव्हा ती ओरडली होती, "अहो, गोश्तात दूध? पोटात दोघांची मारामारी होईल!" रत्नागिरीची बाई ती. तिला नारळाचं दूध कशातही चालायचं, पण डब्यातलं दूध फक्त चहात. तुम्ही मात्र ऐकून न ऐकल्यासारखं करत तव्याला लागलेली खरवड लाकडी चमच्याने सोडवत होतात. "खरी चव या खरवडीत आहे, बाय. ती फेकली तर उरते ती लापशी." मला आठवतंय, मी ओट्याला नाक लावून उभी होते आणि तुमच्या बाह्यांना मेसच्या तेलाचा वास होता.

हे कालवण तुम्ही इथे आखातात, हमरियाच्या जहाजांच्या यार्डातून घरी आणलंत. कंपनीच्या मेसमध्ये तुम्ही मोठे कुक आणि तिथे तो टेक्सासचा सुपरवायझर, आठवड्यातून एकदा तरी त्याला त्याच्या गावचं हे जेवण हवं असायचं. त्यानेच तुम्हाला शेजारी उभं राहून शिकवलं. तुम्ही पहिल्यांदा एकट्याने केलंत तेव्हा तो म्हणाला, नॉट बॅड. झालं! त्या नॉट बॅडचा तुम्हाला इतका राग आला की पुढे कितीतरी शुक्रवार आमच्या घरी सरावच चालला. सुट्टीच्या दिवशी दुपारी बत्ता घेऊन बसायचात आणि धाडधाड सुरू. एकदा खालच्या मजल्यावरच्यांनी तक्रार केली म्हणून नातूर वर आला होता. पठाणी सदऱ्यातला तो उंच वॉचमन दारात उभा राहून म्हणाला, "क्या तोड़ रहे हो भाई?" तुम्ही म्हणालात, "गोश्त तोड़ रहा हूँ, हबीबी. शाम को आओ, खाके जाओ." आणि तो खरंच आला की! दोन चपात्यांबरोबर सगळं पुसून खाल्लं आणि परत कधी तक्रार घेऊन आला नाही.

आज मी ते का केलं ते सांगते. अम्मी जेवत नाही, अब्बा. महिनाभर झाला, घास पुढे केला की ती ओठ मिटून घेते. चहा घेते, दोन घोट लबानचं ताक घेते, बस. हात इतके बारीक झालेत की बांगड्या मीच काढून ठेवल्या. आजार म्हणावा तर पोटाचा काहीच नाही, डोक्याचा आहे. तिला वाटतं तुम्ही ड्युटीवर आहात. ताट घेऊन गेलं की म्हणते, "हे आले की जेवते." तुमच्या आधी ती कधी जेवली होती का? तुम्ही ओव्हरटाइमला असायचात तेव्हासुद्धा ती ताट झाकून खिडकीत बसायची आणि आम्ही हसायचो, अम्मी, कंपनीची बस काय खिडकीतून येणार आहे? आता मला हसायला येत नाही. त्या दिवशी सकाळी तुम्ही ड्युटीला गेलात आणि तिथूनच तुम्हाला हॉस्पिटलात नेलं, घरी परत आलातच नाहीत. बाकी सगळं विसरली ती, माझं लग्न विसरली, घर बदललेलं विसरली, पण त्या संध्याकाळी जे ताट झाकून बसली होती ते अजून तिच्या पुढ्यात आहे.

एकदा मी तिला खरं सांगितलं होतं. वैतागून नव्हे हो, मला वाटलं तिला तिच्या घरातली गोष्ट माहीत असायला हवी. जवळ बसले, हात हातात घेतला आणि म्हटलं, अम्मी, अब्बा राहिले नाहीत, आपण त्यांना गावी नेऊन दफन केलं, तू होतीस. तिने माझ्याकडे असं बघितलं आणि असा हंबरडा फोडला की शेजारची केरळी बाई धावत आली. तिच्यासाठी तुम्ही त्या क्षणी गेलात, अब्बा. आणि संध्याकाळी पुन्हा विचारलं, "हे आले का?" त्यानंतर मी तोंड मिटलं. मग खोटं बोलून पाहिलं, अब्बा जेवून गेले, तुला जेवायला सांगून गेले. तर म्हणते, "माझ्याशिवाय? चल, काहीतरीच सांगतेस." इतकं सगळं विसरलेली बाई, पण नवऱ्याच्या बाबतीत तिला फसवणं कठीण.

परवा डॉक्टर तपासून गेली. हिंदीत म्हणाली, "खाना नहीं खाएगी तो नाक से ट्यूब डालना पड़ेगा. सोमवार तक देखते हैं." अम्मीच्या नाकात नळी! ती उपटून काढेल, मग हात बांधावे लागतील, हेही डॉक्टरने हळूच सांगितलं. माझा नवरा जहाजावर, फोनवर म्हणाला, घाबरू नकोस, इन्शाल्ला सगळं ठीक होईल. त्याला काय जातंय म्हणायला! डॉक्टरला मी विचारलं होतं, मग देऊ काय खायला? तर डॉक्टर म्हणाली, ताकदीचं द्या, मऊ द्या, दूध, बटर, मैदा, मीट, जो भी पसंद हो. आणि मला एकदम हसू फुटलं, अब्बा. दूध, बटर, मैदा आणि मीट हे सगळं एकाच तव्यात घालणारा माणूस मी जन्मात एकच बघितला होता.

पण अडचण बघा, आहे रमजान. तुम्हाला आठवत असेल रमजानातलं ते कालवण. बाकीच्या जेवणाचा मसाला नाकाने कळतो, याला मसालाच नाही, मीठ आणि मिरी, दोन्ही चाखल्याशिवाय कळत नाहीत. मौलवी सांगतात, स्वयंपाक करणाऱ्याने जिभेच्या टोकाला लावून थुंकलं तर चालतं. तुम्ही म्हणायचात, "चालत असेल. माझ्या जिभेवर माझा भरवसा नाही." मेसमध्ये गोऱ्यांसाठी रांधताना तुमचा तो ख्रिश्चन मदतनीस चाखायचा आणि घरी मी. माझे रोजे तेव्हा सुरू झाले नव्हते. "बाय, मीठ बघ," अशी हाक आली की मी खेळ टाकून धावायची. तुम्ही फुंकर मारून चमचा पुढे करायचात आणि माझ्या तोंडाकडे असे बघायचात, जसा काही माझा निकालच लागायचा आहे. कमी, म्हटलं की चिमूट. बरोबर, म्हटलं की गॅस बंद. त्या घरात माझा शब्द चालायचा तो तेवढाच, पण काय तोरा होता माझा!

आणि मग माझा पहिला पूर्ण रोजा. तुम्ही रजा घेतली होतीत. इफ्तारला बायसाठी गोऱ्यांचं कालवण, असं सकाळीच जाहीर केलं होतंत. दुपार उतरते आहे, माझ्या पोटात कावळे ओरडतायत, तुम्ही तव्यात दूध घालून ढवळताय. सवयीने हाक येते, "बाय, मीठ बघ." मी सवयीने धावते, तोंड उघडते. चमचा ओठांपर्यंत आलेला असतो आणि तुम्ही एकदम मागे खेचता. "खबरदार! रोजा आहे ना तुला!" मग तुम्ही हसता, पण नेहमीसारखे नाही. म्हणता, "घ्या. माझी जीभ पण रोज्यावर गेली." माझी मुलगी मोठी झाली, असं काहीतरी तुमच्या चेहऱ्यावर होतं. मला तेव्हा ते कळलं नाही, मी आपली फुशारलेली.

अंदाजाने मीठ घालून तुम्ही नमाजासाठी वजू करायला, हातपाय धुवायला गेलात. आणि इफ्तारला पहिला घास घेतला तर काय, खारट! खारट म्हणजे समुद्राचं पाणी. मी रडायच्या बेतात. अम्मी ताटात बघत बसलेली. तुम्ही मात्र शांतपणे खात होतात. "मस्त झालंय. जरा मीठ जास्त पडलं माझ्या हातून, त्यात काय, लबान प्या." पुढे प्रत्येक रमजानात आम्ही तुम्हाला चिडवायचो, मोठे कुक म्हणवता आणि लेकीच्या पहिल्या रोज्याला मिठागर केलंत. तुम्ही कान पकडायचात.

आज माझ्या मुलानेही हट्टाने रोजा धरलाय. म्हणजे घरात चाखायला कोणी नाही. शाळेच्या ऑफिसातून दुपारी सुटले, ऊद मेथाहून येताना नेहमीचं ट्रॅफिक, वाटेत बीफ घेतलं. तुमचा तो बिडाचा तवा माझ्याकडेच आहे. बत्ता काढला, कापांवर प्लॅस्टिक घातलं आणि ठोकायला सुरुवात केली. चार घाव झाले असतील, आतल्या खोलीतून आवाज आला, "आले का हो?"

माझा हात तसाच वर राहिला. आधी वाटलं भास झाला. परत ठोकलं. "अहो, हळू! खालचे ओरडतील." अब्बा, किती दिवसांनी त्या आवाजात अशी धार होती, काय सांगू! मी ठोकत राहिले, डोळे पुसायला हात रिकामे नव्हते. तळलं, खरवड सोडवली, मैदा परतला, दूध घातलं, गुठळी होऊ दिली नाही. अंदाजाने थोडंच मीठ घातलं आणि चमचा घेऊन तिच्याकडे गेले. ताट नेलं नाही. कसं सुचलं कोण जाणे, तिच्यापुढे चमचा धरला आणि म्हटलं, "अम्मी, मीठ बघ गं. माझा रोजा आहे."

तिने तोंड उघडलं. महिनाभर घट्ट मिटलेलं तोंड, जेव म्हटलं की भिंतीकडे वळणारं. तिने जिभेवर घोळवलं आणि कपाळाला आठी घातली. "कमी आहे." मी धावत जाऊन चिमूट घालून आले. "आता?" "आता बरोबर." आणि मग माझा हात धरून, जवळ ओढून, हळू आवाजात म्हणाली, "आज मी मिठाला हात लावला नाही हं. त्यांना सांग. त्या दिवशी मला वाटलं हे विसरले, म्हणून मी वरून घातलं. बिचारे काही बोलले नाहीत."

बसले मी तिथेच, पलंगाच्या कडेवर. तुम्हाला ठाऊक होतं ना, अब्बा? मोठा कुक तो, आपण किती मीठ घातलं हे त्याला कळत नाही होय! ठाऊक असून तुम्ही तिच्यावर येऊ दिलं नाहीत, आयुष्यभर आमच्यापुढे कान पकडत राहिलात. आणि ती ते मनात ठेवून बसली, इतकी, की सगळं पुसलं गेलं तरी ते राहिलं. रडू आलं मला. तुमचा राग पण आला. इतकं चांगलं असू नये माणसाने, मागे राहिलेल्यांना जड जातं.

मग तिने विचारलं, "त्यांनीच केलंय ना?"

मी म्हटलं, "हो."

"कुठे गेले?"

"असरच्या नमाजला. म्हणाले, तिचा रोजा नाही, तिला गरम गरम वाढ. मी इफ्तारला आपल्या लेकीबरोबर बसेन."

दारात माझा मुलगा उभा होता, रोज्याने सुकलेलं तोंड घेऊन. म्हणाला, "ममा, यू आर फास्टिंग. यू कान्ट लाय." मी म्हटलं, जा, नानीसाठी चपाती आण. तो गेला, आणली. त्यानेच बारीक तुकडे करून पांढऱ्या कालवणात बुडवले आणि अम्मी खात गेली. पोटभर नाही, पण खाल्लं, अब्बा. मांसाचा मऊ तुकडासुद्धा खाल्ला आणि म्हणाली, "मारामारी होणार बघ पोटात."

मगरिबची अजान झाली, आम्ही खजुराने रोजा सोडला. अम्मीला बाहेर आणून बसवलं होतं. तिने टेबलावरून नजर फिरवली आणि मला म्हणाली, "त्यांचं ताट झाकून ठेव. थंड होईल." मी ठेवलं. उद्या पुन्हा बत्ता काढीन, पुन्हा खोटं बोलेन. सोमवारी डॉक्टर येईल, तिला सांगेन, खातेय. रोज्यात रोज एक खोटं. अल्लाकडे माझं काय व्हायचं ते होवो, तिच्या नाकात नळी नको. तुम्ही तिथे असालच, तर माझ्या बाजूने दोन शब्द टाका.

हे फोनवर लिहितेय, इथेच राहील. कुठे पाठवणार? तुमचा नंबर अजून आहे माझ्याकडे, पण तो आता कुणा दुसऱ्याला दिला असेल कंपनीने. आत मुलगा नानीला काहीतरी इंग्रजीत समजावतोय आणि ती हो हो म्हणतेय. ओट्यावर तुमचं ताट आहे, वर दुसरं ताट पालथं. एक गोष्ट सांगायची राहिली. मघाशी लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली, दार उघडल्याचा आवाज आला. अम्मीने मान वळवून दाराकडे बघितलं. मीही बघितलं, अब्बा.