आठने भाग

विक्रोळी,
९ फेब्रुवारी २०२५

रुचिरा,

तुझी पुण्यातली खोली हवेशीर आहे असं तुझ्या आईकडून कळलं. बरं वाटलं. इथे सगळे मजेत. फोनवर मी भडकतो म्हणतेस ना, म्हणून कागदावर लिहितोय. कागदावर ओरडता येत नाही.

मोठी बातमी: जिंकलो.

चाळीच्या मीटिंगमधलं तुला आठवत असेलच. केबलवाल्या चंद्रप्रकाशशेठला मी सगळ्यांसमोर चोर म्हटलं. इंटरनेटचा शंभरचा स्पीड विकतो आणि फाइल उतरवताना बारा दिसतात म्हणून. तू शांतपणे म्हणालीस, "अरे, ते शंभर मेगाबिट. फाइल मोजतात मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. आठने भाग." लगेच नंदू, "कॉलेजबरोबर भागाकार पण सोडलास काय रे?" अख्खी चाळ हसली. तूही.

दुसऱ्या दिवशी तू निघालीस तेव्हा मी खाली आलो नाही. पोट बिघडलं होतं, असं आईने सांगितलं असेल.

पण त्यानंतर मी दिसेल ते आठने भागत सुटलो. परवा दुसऱ्या मजल्यावर सुगंधाकाकूंकडे बघितलं. प्लॅन शंभरचा, म्हणजे साडेबारा हवेत. येत होते सहा. वायर थेट लॅपटॉपला लावली, तरी सहाच. शेजारी तेच. सगळ्या मजल्याचं तेच.

नंदूला घेऊन गेलो शेठकडे. बघताच हसला. "आलास? आठने भाग की."

"भागलं, शेठ. साडेबाराच्या जागी सहा येतात. दुसऱ्या मजल्याला पन्नासचा प्लॅन लावलाय तुम्ही."

एवढंच बोललो. आवाज चढवला नाही, नंदूला विचार. शेठने कॉम्प्युटरवर बघितलं, मान खाजवली आणि माझ्यासमोर सगळा मजला शंभरवर टाकला. आता काकूंची मस्कतची लेक व्हिडिओवर अडकत नाही. काकूंनी मला नारळाच्या वड्या दिल्या आणि नंदूने खांद्यावर घेऊन गॅलरीभर फिरवलं. झकास वाटलं यार. फक्त वर बघितलं, तर तुमच्या दाराला कडी.

जूनपासून कॉलेजला परत जातोय. आईला अजून सांगितलं नाही.

आणि पोट बिघडलं नव्हतं. दाराआड उभा होतो. तू जिन्यातून बॅग उतरवताना आमच्या बंद दारापाशी थांबून विचारलंस, "थांबशील ना रे माझ्यासाठी?" ऐकलं होतं मी.

थांबेन.

तुझा, आठने न भागलेला,
सौरभ